आता हसायचं का?

‘मॅन ऑन द मून’ हा चित्रपट संपण्यापासून सुरू होतो. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर अँडी कॉफमन नावाच्या अमेरिकी नटाच्या भूमिकेत जिम कॅरी येतो. डोळे भेदरलेले आणि बोलण्यातलं इंग्रजी, नकाशात न सापडणाऱ्या कुठल्याशा बेटावरचं. माझ्या आयुष्यावरच्या पिक्चरला आलात, आभारी आहे, म्हणतो. पण पिक्चर अगदीच वाईट झालाय, महत्त्वाच्या सगळ्या घटना नाट्य वाढावं म्हणून मागेपुढे करून ठेवल्यात. म्हणून मी सगळा फालतूपणा कापून टाकला. आता उरलाय तो एवढाच. संपला. मग तो शेजारच्या ग्रामोफोनवर रेकॉर्ड लावतो आणि खरोखरच नावं वर सरकायला लागतात. नावं संपतात, पडदा काळा होतो. जरा वेळाने तो पुन्हा डोकावतो आणि खुलासा करतो की, ज्यांना हे समजणार नव्हतं त्यांना आधी घालवायचं होतं.

घरी चार माणसं जमली की हा पिक्चर लावायची मला खोड आहे. पहिली पाच मिनिटं मी टीव्हीकडे बघतच नाही, बसलेल्यांकडे बघतो. परवाच्या खेपेला मावशी होती. ती पदर सावरून उठलीच. “झाला? एवढ्यासाठी मला गवार निवडता निवडता उठवलंस?” मेव्हण्याने नेट गेलं असं जाहीर करून राउटरकडे धाव घेतली. काकांनी रिमोट हातात घेतला आणि निवृत्त बँक अधिकाऱ्याला शोभेल अशा शांतपणे एकेक बटण दाबून पाहिलं. कॉलेजात जाणारी भाची तेवढी मोबाइलमधून मान वर काढून म्हणाली, “थांबा ना, मस्त आहे हे.” माझा अर्धा पिक्चर तिथेच वसूल झाला.

ज्याच्या आयुष्यावर हा पिक्चर आहे तो अँडी कॉफमन आयुष्यभर याच पाच मिनिटांवर जगला. जन्म 1949 चा, न्यूयॉर्कचा. विनोदी नट म्हणून त्याचं नाव झालं आणि ते त्याला अजिबात मान्य नव्हतं. मी विनोद सांगत नाही, म्हणायचा, आणि ते खरंच होतं. ऑक्टोबर 1975 मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकी टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाचा अगदी पहिला भाग झाला. त्यात हा गडी रंगमंचावर येऊन ग्रामोफोनवर ‘मायटी माउस’ या कार्टूनचं गाणं लावतो आणि नुसता उभा राहतो. गाणं चालू आणि हा अवघडून इकडेतिकडे बघतोय. फक्त ‘मी आलोय, आता सगळं वाचवतो’ अशा अर्थाची ओळ आली की हात उंचावून ऐटीत ओठ हलवायचे, ओळ संपली की पुन्हा अवघडायचं. मधे पाणी प्यायचं. बस. लोक हसून लोळले. का हसले हे कुणालाही सांगता येणार नाही. मावशीही इथे हसली आणि लगेच माझ्यावर खेकसली, “काय हसायचंय यात?”

पिक्चर अमेरिकेत 1999 च्या नाताळात लागला. दिग्दर्शक मिलॉश फॉरमन. खर्च आठ कोटी डॉलरच्या वर गेला आणि जगभरातून मिळून पाच कोटीही आले नाहीत. सणासुदीला जिम कॅरीचा पिक्चर म्हणून मुलाबाळांना घेऊन गेलेल्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना मला आमच्या दिवाणखान्यावरून येते. ज्याने रबरासारखा चेहरा ताणून जगाला हसवलं, तो इथे लोकांना मुद्दाम न हसवणाऱ्या माणसाचं काम करतोय. आणि काम इतकं चोख की हसायला आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जातो. कॅरीला त्या कामासाठी गोल्डन ग्लोब मिळालं, तेही विनोदी चित्रपटांच्या गटात. ऑस्करवाल्यांनी साधं नामांकनही दिलं नाही. फॉरमनला बर्लिनच्या महोत्सवात दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं. म्हणजे बक्षीस देणाऱ्यांचंही हसायचं की नाही ते ठरलेलं नव्हतं.

आमच्याकडे सगळ्यात मोठी दाद मिळते ती टीव्हीच्या प्रसंगाला. अँडीला वाहिनीवर स्वतःचा खास कार्यक्रम मिळतो आणि तो अधिकाऱ्यांना सांगतो, मधेच चित्र वरखाली सरकू द्या. लोकांना वाटलं पाहिजे की आपला संच बिघडला. ते उठतील, बटणं पिळतील, टीव्हीवर थापटी मारतील. अधिकाऱ्याचं तोंड बघण्यासारखं होतं. इथे काका एकदम तरुण झाले. गच्चीवर अँटेना फिरवणारा एक, जिन्यात उभा राहून ओरडणारा दुसरा आणि खाली “आलं, आलं... गेलं” म्हणणारी अख्खी चाळ, हे सगळं त्यांना आठवलं. “आमच्याकडे हा कार्यक्रम रोजच असायचा,” ते म्हणाले, “आणि वर दूरदर्शन ‘रुकावट के लिए खेद’ व्यक्त करायचं. या बाबाला तेवढाही खेद नाही!” चाळीतली ती माणसं सरकणाऱ्या चित्रापुढे जशी तासभर बसायची, तसाच प्रेक्षक अँडीला हवा होता, हे मला काकांमुळे कळलं. काहीतरी बिघडलंय, पण उठवत नाही.

कॉलेजातल्या कार्यक्रमाचा प्रसंगही तसाच. पोरांना त्याचं ‘टॅक्सी’ मालिकेतलं लॅटका नावाचं गमतीशीर पात्र हवंय, ती नावाने ओरडताहेत. हा ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी काढतो आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागतो. शिट्ट्या होतात, शिव्या होतात, पोरं उठून जातात, काही झोपतात. हा शेवटच्या ओळीपर्यंत वाचून पुस्तक मिटतो. आपल्याकडे नाट्यगृहात ‘वन्स मोअर’ घ्यायची रीत असलेल्या माणसाला हा प्रकार पचणं कठीण. मेव्हणा म्हणाला, “तिकिटाचे पैसे परत मागितले असते मी.” भाचीने विचारलं, “आणि शेवटपर्यंत बसला असतास तर?” तो गप्प झाला. तो शेवटपर्यंत बसणाऱ्यांतला आहे. कंपनीच्या सगळ्या मीटिंगांना बसतो.

खरी फूट पडते ती कुस्तीपाशी. अँडीने बायकांशी कुस्त्या खेळायला सुरुवात केली. मला चीत करील तिला हजार डॉलर, असं आव्हान. वर स्वयंपाकघर आणि भांडीकुंडी यांवरून इतकं घाणेरडं बोलायचा की सभागृह पेटून उठायचं. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या लोकांना तर टीव्हीवरून साबण कसा वापरायचा याचे धडे दिले. शेवटी तिथला नामांकित मल्ल जेरी लॉलर पुढे आला. एप्रिल 1982 मध्ये त्याने अँडीला उलटा धरून डोक्यावर आपटलं. अँडी गळ्याला पट्टा बांधून फिरू लागला. जुलैत डेव्हिड लेटरमनच्या कार्यक्रमात दोघे समोरासमोर आले तेव्हा लॉलरने त्याच्या सणसणीत कानशिलात भडकावली आणि अँडीने शिव्यांची लाखोली वाहून कॉफी फेकली. इथे मावशीने हातातलं वाटाणे-फुटाण्यांचं ताट बाजूला ठेवलं आणि निकाल दिला, “बरं झालं. आणखी एक द्यायला हवी होती.”

मला ही मावशीची दाद सगळ्यात अस्सल वाटते. मेम्फिसच्या प्रेक्षकांना तेच वाटलं होतं. हे सगळं दोघांनी मिळून रचलेलं नाटक होतं हे बाहेर यायला अँडीच्या मृत्यूनंतर दहाएक वर्षं जावी लागली. पिक्चर मात्र ते थोड्याच वेळात सांगून टाकतो आणि माझं या पिक्चरशी भांडण आहे ते इथे. गंमत कळल्यावर सगळे सुटल्यासारखे हसतात. “अच्छा, नाटक होतं होय!” मेव्हण्याचा जीव भांड्यात पडला. पण अँडीने आपल्या प्रेक्षकांना ही सुटका कधी दिली नव्हती. आपल्याकडचा बहुरूपी पोलिसाचा वेष करून दारात येतो, वॉरंटच्या गोष्टी करून घरच्या माणसाचा घाम काढतो आणि मग हसून हात पुढे करतो. तेव्हा आपण दहा-वीस रुपये काढतो ते त्याच्या सोंगाचे आणि थोडे आपल्या सुटकेचेही. अँडी म्हणजे सोंग न उतरवता, बिदागी न घेता तसाच पुढच्या गल्लीत निघून गेलेला बहुरूपी. मागे राहिलेल्याने आठवडाभर पोलिसाची वाट बघत बसायचं.

लोकही असं किती सोसणार? नोव्हेंबर 1982 मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ने प्रेक्षकांचा फोनवर कौल घेतला, या माणसाला ठेवायचं की घालवायचं. घालवा म्हणणारे 1 लाख 95 हजारांच्या वर निघाले, ठेवा म्हणणारे 1 लाख 69 हजारांच्या. ज्या कार्यक्रमाच्या पहिल्या भागात नुसत्या उभं राहण्यावर टाळ्या मिळाल्या, तिथूनच मतदानाने हकालपट्टी. मला हरणाऱ्यांचा आकडा जास्त नवलाचा वाटतो. फोनला पैसे पडत असताना पावणेदोन लाखांच्या जवळपास लोकांनी कळ दाबून सांगितलं की हा वैताग आम्हाला हवाय.

शूटिंगच्या वेळी कॅरीने हाच वैताग सहकाऱ्यांच्या नशिबी आणला. त्याचं त्या वेळचं चित्रण पुढे 2017 मध्ये एका माहितीपटातून बाहेर आलं. कॅमेरा बंद झाला तरी तो अँडीच राही, नाहीतर अँडीनेच निर्माण केलेला टोनी क्लिफ्टन नावाचा उद्धट गवई होई. लॉलर पिक्चरमध्ये स्वतःच्याच भूमिकेत आहे. कॅरी त्याला सेटवर सतत डिवचत राहिला. लॉलरचं म्हणणं, खरा अँडी कॅमेऱ्यामागे माझ्याशी अत्यंत अदबीने वागायचा. अँडीला ओळखणाऱ्या प्रेक्षकाची ही तक्रार मला फार मोलाची वाटते. नक्कल करणाऱ्याला सोंग सापडलं होतं, सभ्यपणा निसटला.

तो सभ्यपणा पिक्चरमध्ये एके ठिकाणी दिसतो. अँडी महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाचा पक्का साधक होता, शिक्षकही झाला होता. विनोदाचं रहस्य काय, असं तो महर्षींना विचारतो आणि उत्तर मिळतं, मौन. काका रोज पहाटे ध्यानाला बसतात, त्यामुळे या प्रसंगाला ते ताठ बसले आणि आमच्याकडे अशी नजर टाकली की जणू उत्तर त्यांनीच सुचवलं होतं. पुढे कुस्त्यांमुळे ध्यानवाल्यांनीही अँडीला दूर ठेवलं, तिथे मात्र ते काही बोलले नाहीत.

शेवटी कर्करोग येतो, फुप्फुसाचा, आणि तो सांगतो तेव्हा जवळच्यांनाही ही नवी गंमत वाटते. कार्नेगी हॉलचा मोठा कार्यक्रम पिक्चरमध्ये आजारानंतर दाखवलाय. प्रत्यक्षात तो 1979 मधला, आजाराच्या चार वर्षं आधीचा. कार्यक्रम संपल्यावर अँडीने सगळ्या प्रेक्षकांना बसमध्ये घालून दूध-बिस्किटं खायला नेलं होतं, ते मात्र खरं. जाणकारांनी क्रमाच्या या उलटापालटीवर नाकं मुरडली. मी मुरडत नाही. पहिल्या मिनिटालाच त्याने बजावलं होतं.

मग तो फिलिपिन्सला जातो. तिथे चाकू न लावता पोटातून रोग काढणारे वैदू आहेत. टेबलावर पडल्या पडल्या त्याला दिसतं की वैद्याच्या मुठीत रक्ताळलेले तुकडे आधीच लपवलेले आहेत. आणि अँडी हसतो. आमच्या खोलीत या वेळी कुणीही हसत नाही, प्रत्येक वेळी. आयुष्यभर ज्याने लोकांना फसवलं, तो पहिल्यांदा प्रेक्षकाच्या जागी पडलाय आणि सोंग ओळखतोय. इतर सगळे प्रसंग मी इतक्या वेळा पाहिलेत की त्यांनी मला आता काही होत नाही. इथे मात्र मीही बसलेल्यांकडे बघायचं विसरतो. “कळलं त्याला,” मावशी म्हणाली. तिच्या आवाजातला राग गेलेला होता.

मे 1984 मध्ये अँडी गेला, पस्तिसाव्या वर्षी. पण पिक्चर तिथे थांबत नाही. वर्षभराने टोनी क्लिफ्टन रंगमंचावर येऊन गातोय आणि अँडीऐवजी जो अधूनमधून क्लिफ्टन व्हायचा, तो त्याचा मित्र बॉब झमुडा समोर प्रेक्षकांत बसलेला आहे. मग वर कोण? मेव्हण्याने तीनदा मागे नेऊन पाहिलं. भाचीने मोबाइलवर शोधून सांगितलं की 2004 मध्ये, म्हणजे बरोबर वीस वर्षांनी, तो परत येईल म्हणून लॉस एंजेलिसमध्ये कार्यक्रमही ठेवला होता. 2013 मध्ये त्याची मुलगी म्हणवणारी एक तरुणी उभी राहिली, ती नटी निघाली. “मृत्यूचा दाखला आहे ना?” बँकेत आयुष्य गेलेल्या काकांचा प्रश्न. दाखला आहे, भाची म्हणाली. तरी मेव्हण्याचं समाधान होईना.

“काय सांगता येत नाही त्याचं,” गवारीची परात पुन्हा पुढ्यात ओढत मावशी म्हणाली. “बसला असेल कुठेतरी लपून, मेला.”

“अगं, तेच तर विचारतोय आम्ही मघापासून,” काका म्हणाले. “मेला का?”