चित्र काढायला नकार देणारा प्रोग्रॅम

लंडनमध्ये मी ज्या विषयात संशोधन करते, त्याला संगणकीय सर्जनशीलता म्हणतात. घरच्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "कविता तर आता फोनसुद्धा करतो, मग तुम्ही काय करता?" बरोबर आहे. कविता, चित्रं, चाली हव्या तितक्या पाडता येतात. त्यातलं काय ठेवायचं आणि काय फाडून टाकायचं, हे यंत्राला ठरवता येईल का, हा आमचा प्रश्न.

हॅरॉल्ड कोहेन हे ब्रिटिश चित्रकार १९६८ साली कॅलिफोर्नियाला गेले आणि पुढे २०१६ मध्ये निधन होईपर्यंत 'आरॉन' हा चित्रं काढणारा प्रोग्रॅम घडवत राहिले. आरॉन माणसं, झाडं काढायचा, नंतर रंगही भरू लागला. पण कुठलं चित्र ठेवायचं, हे कोहेनच ठरवत.

याच्या पुढचं पाऊल मला संशोधक सायमन कोल्टन यांच्या 'द पेंटिंग फूल' या प्रोग्रॅममध्ये दिसतं. २०१३ साली पॅरिसच्या प्रदर्शनात तो समोर बसलेल्यांची चित्रं काढत होता. आधी तो 'गार्डियन' या ब्रिटिश वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचायचा, त्यावरून त्याची मनःस्थिती ठरायची. बातम्या फारच वाईट असल्या, तर चित्र काढायलाच नकार! काढलंच, तर ठरवलेला परिणाम साधला की नाही, हेही स्वतः तपासायचा. ती मनःस्थिती म्हणजे शब्दांवरून काढलेले आकडेच, हे मान्य. तरी नकार आणि तपासणी या दोन्ही गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात.

अडचण पारख शिकवताना येते. मार्च २०१६ मध्ये सोलला अल्फागो या गो हा पटावरचा खेळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमने नामांकित खेळाडू ली सेडॉलविरुद्ध दुसऱ्या डावात सदतिसावी खेळी केली. माणूस ती खेळण्याची शक्यता अल्फागोच्याच हिशेबाने दहा हजारांत एक होती. तरी त्याने ती निवडली, कारण गो खेळात हार-जीत स्पष्ट असते आणि त्यावरून खेळीची किंमत जोखता येते. गाण्याच्या चालीत जिंकणं म्हणजे काय? लोकांच्या पसंतीवरून पारख करणारा परीक्षक-प्रोग्रॅम घडवला, तर तो सरासरीच्या प्रेमात पडतो आणि खरोखर नवं काही आलं की चूक समजून फेकतो. सर्जनशीलतेच्या अभ्यासक मार्गारेट बोडेन यांनी स्वतःपुरतं नवं आणि इतिहासात पहिल्यांदाच घडलेलं नवं असा भेद केला. आमचा परीक्षक दोन्हींना सारखाच घाबरतो.

म्हणून सध्या आमचा गाण्याच्या चाली रचणारा प्रोग्रॅम टाकलेल्या प्रत्येक चालीसोबत टाकण्याचं कारण लिहितो. मी ती कारणं वाचते आणि चाली पुन्हा ऐकते. "नेहमीपेक्षा फार वेगळी" म्हणून बाद झालेल्यांपैकी काही फारच सुंदर आहेत. त्या परत उचलायला त्याला कसं शिकवायचं, यावर या सत्रात काम चालू आहे.