आमच्याकडे हॉकी हिंदीत असते

जानेवारीत ग्वाल्हेरला संध्याकाळी सहालाच रात्र पडते. धुकं उतरलं की लश्कर भागातल्या आमच्या घराच्या खिडक्या पटापट लागतात, हीटर काकांच्या पलंगाशी सरकतो आणि मी फोन गजकच्या रिकाम्या डब्याला टेकवून उभा करते. डब्याचं झाकण एका बाजूनं चेपलंय, त्या खळग्यात फोन बरोबर बसतो. गजक संक्रांतीच्या आधीच संपली. डबा मात्र हॉकी इंडिया लीग संपेपर्यंत टाकायचा नाही, असा काकांचा हुकूम आहे.

“लागलं का गं?”

“लागतंय.” पडद्यावर चकती फिरत असते.

“मग सांगायला लाग.”

काका ७९ वर्षांचे. डोळ्यांच्या पडद्याची नेमकी मधली जागा झिजलीय. कडेकडेचं दिसतं, पण जिथं बघावं तिथं करडा डाग. दारातून कोण आलं ते चालीवरून कळतं, चेहरा दिसत नाही. हॉकीवेड्या माणसाला याहून वाईट दुखणं शोधून सापडणार नाही. निळ्या टर्फवरचा पिवळा बॉल माझ्या धडधाकट डोळ्यांनाही फोनवर मोहरीएवढा दिसतो. काका बॉल असेल तिथं नजर नेतात आणि बॉल बरोबर डागात जातो. बाजूची माणसं तेवढी पळताना दिसतात. “सगळे धावतायत म्हणजे बॉल आहे कुठंतरी,” असं म्हणून ते फोनचा नाद सोडतात आणि माझ्याकडे कान करतात. “बॉल किधर है?”

हे शेवटचं हिंदीत. आमच्या घरात देवपूजा, भांडणं, दुखणी-खुपणी आणि पुरणपोळी मराठीत, हॉकी हिंदीत. ती घरात आली तीच रेडिओतून, आणि रेडिओ हिंदी बोलायचा. १५ मार्च १९७५ ला क्वालालंपूरला वर्ल्डकपचा अंतिम सामना झाला, तेव्हा काका २९ वर्षांचे. वाड्याच्या चौकात मर्फीचा सेट आणून ठेवलेला, वरच्या गॅलरीत बायका, खाली पुरुष, आणि समालोचक जसदेव सिंहांचा आवाज. त्याच्या दोनच दिवस आधी मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भोपाळच्या अस्लम शेर खाननं बदली म्हणून येऊन पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी केली होती, गळ्यातल्या ताविजाचं चुंबन घेऊन. भोपाळ म्हणजे आपलंच, त्यामुळे वाडा आधीच तापलेला. अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध अशोक कुमारचा गोल खांबाच्या आतल्या कोपऱ्याला लागून परत बाहेर आला. पाकिस्तानी म्हणाले, गोल नाही. पंचांनी दिला. २-१. काका हा प्रसंग गेली पन्नास वर्षं हातवाऱ्यांसकट सांगतायत. बॉल कुठल्या कोनातून आला, कुठं आपटला, गोलकीपर कसा पडला, सगळं. यातलं काहीही त्यांनी पाहिलेलं नाही.

मला लहानपणी हे थापा मारणं वाटायचं. आता वाटत नाही, कारण आता मीच त्या धंद्यात आहे.

सुरुवात झाली ती २२ जानेवारी २०२३ च्या रात्री. भुवनेश्वरला भारत-न्यूझीलंड, हरलं की वर्ल्डकपमधून बाहेर. काकांचे डोळे तेव्हा नुकतेच बिघडू लागले होते आणि ते मान्य करायला तयार नव्हते. आपण ३-१ नं पुढे होतो, तिथून ३-३ झालं आणि शूटआउट. शूटआउटमध्ये खेळाडूला २३ मीटरच्या रेषेवरून निघून ८ सेकंदांत गोल करायचा असतो. फोनवर सामना आधीच अर्धा-पाऊण मिनिट उशिरा येतो. म्हणजे आमच्याकडे पोरगा धावायला लागतो तेव्हा तिकडे त्याच्या नशिबाचा निकाल लागून तो घाम पुसत असतो. आणि ऐन रंगात आलेलं असताना चित्र थांबलं. आपला गोलकीपर श्रीजेश हात पसरून, एक पाय उचलून, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा स्तब्ध.

“काय झालं?” काका.

चित्र थांबलंय हे त्यांना दिसलंच नव्हतं. आता खरं सांगायचं की सामना चालू ठेवायचा? मी चालू ठेवला. “श्रीजेश आगे आए... पैर अड़ा दिया... और बचा लिया!” काकांनी उशीवर थाप मारली. मला चेव आला. मी आपला एक गोल करून घेतला, त्यांचा आणखी एक अडवला. चित्र परत सुरू झालं तर गोलात श्रीजेश नव्हताच. दुखापत झाल्यामुळे तो बाहेर गेला होता आणि त्याच्या जागी कृष्ण पाठक उभा होता. समालोचक मोठ्यानं पाठक-पाठक करत होता आणि काकांचे कान काही झिजलेले नव्हते.

“श्रीजेश कुठं गेला? आत्ता तर त्यानं अडवला!”

ती शूटआउट आपण ४-५ नं हरलो. काका दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “खोटं सांगितलंस त्याचं काही नाही. पण गोलकीपर तरी बरोबर ठेवायचा.” तेव्हापासून हे काम माझ्याकडे आलं.

तुम्ही म्हणाल, घरात टीव्ही नाही का? आहे. दूरदर्शनवर लीग फुकट लागते तेही खरं. पण संध्याकाळी सातपासून तो काकूच्या मालिकांचा असतो, आणि त्या मालिकांतल्या सासवा-सुनांपुढे हॉकीवाल्या हरमनप्रीत सिंगचा ड्रॅग-फ्लिक, म्हणजे स्टिकनं ओढून भिरकावलेला फटका, काहीच नाही. म्हणून फोन. आणि फोनवर हॉकी शोधायची म्हणजे दर मोसमाला घर बदललेल्या भाडेकरूचा पत्ता काढणं. लीग एकीकडे, प्रो लीग दुसरीकडे, वर्ल्डकप तिसरीकडे, आणि ऑलिम्पिक आणखी कुठं. एका ठिकाणचे वर्षाचे पैसे भरले की पुढच्या वर्षी सामने तिथून उठून गेलेले असतात. पासवर्ड पुण्याच्या भाच्याचा, ओटीपी त्याच्याच फोनवर येतो, आणि तो नेमका जिममध्ये असतो. पुश-बॅक होऊन खेळ सुरू झालेला असतो आणि मी पुण्याला फोन लावून सहा आकडे मागत असते.

एक फायदा आहे. उशिरा येणाऱ्या चित्राचा त्रास क्रिकेटवाल्यांना फार होतो. इकडे बोलर अजून धावतोय आणि शेजारच्या घरातून आरोळी आलेली असते. हॉकीचा निकाल फोडायला शेजारी आधी हॉकी बघत असावा लागतो. आमच्या गल्लीत तो धोका नाही. ५ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत जर्मनीचा शेवटचा पेनल्टी कॉर्नर अडवून ५-४ नं ब्राँझ मिळालं, ४१ वर्षांनी ऑलिम्पिकचं पदक, तेव्हा गल्लीत ओरडणारे आम्ही दोघंच. समोरचे गृहस्थ खिडकीत येऊन म्हणाले, “सिलिंडर फटा क्या?”

हे ग्वाल्हेरात व्हावं, याचं काकांना जास्त लागतं. रूपसिंगांचं गाव हे. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ. इथं शिंद्यांच्या लष्करात नोकरी केली, इथंच राहिले, १९७७ साली गेले. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेवर २४-१ असा विजय मिळाला, त्यात रूपसिंगांचे १० गोल आणि ध्यानचंदांचे ८. हॉकीत संघच तीन आले होते ही गोष्ट काका सांगत नाहीत, मी सांगितली तर ऐकू येत नाही. तर त्या रूपसिंगांच्या नावाचं स्टेडियम गावात आहे, मुळात हॉकीचंच, पण पुढे तिथं क्रिकेट आलं. आणि २४ फेब्रुवारी २०१० ला सचिननं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिथं नाबाद २०० केले, पुरुषांच्या वनडेतलं पहिलं द्विशतक. गावानं दिवाळी केली. मीही नाचले, कबूल करते. काका तेवढं बोलले, “जावयाला चार दिवस राहायला बोलावलं, त्यानं सातबारा नावावर करून घेतला.” आता क्रिकेटसाठी शंकरपूरला नवं स्टेडियम झालंय, ऑक्टोबर २०२४ मध्ये बांगलादेशविरुद्ध तिथं पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. म्हणजे जावयानं दुसरं घर बांधलं. जुनं परत केलेलं नाही.

लीगमध्ये आमचा संघ कोणता, हाही एक कायमचा घोळ. २००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग निघाली त्यात मराठा वॉरियर्स होते. नाव ऐकूनच आम्ही त्यांचे झालो. ती लीग गेली. २०१२ मध्ये वर्ल्ड सीरीज हॉकी आली, त्यात भोपाळ बादशाह, आम्ही भोपाळचे. ती एका वर्षात गेली. २०१३ ला हॉकी इंडिया लीग आली, भोपाळ नाही म्हणून मुंबईच्या मॅजिशियन्सना जवळ केलं, तर दोन वर्षांत तेही अंतर्धान पावले. २०१७ नंतर लीगच बंद. डिसेंबर २०२४ ला परत सुरू झाली, पुरुषांचे आठ संघ, आणि मध्य प्रदेशाचा एकही नाही. काकांनी संघांची नावं दोनदा वाचायला लावली आणि सूरमा निवडला. सूरमा पंजाबचा. का, तर त्यात विवेक सागर प्रसाद आहे आणि विवेक सागर इटारसीकडचा.

“इटारसीचा आपला काय संबंध?”

“जन्मभर पुण्याला जाताना चहा कुठं प्यालीस?”

यावर बोलणं खुंटतं. ग्वाल्हेरच्या कुठल्याही मराठी माणसाचं अर्धं महाराष्ट्रदर्शन इटारसीच्या फलाटावर झालेलं असतं.

लीगसाठी खेळाडूंचा लिलाव झाला, त्यात सर्वांत महाग गेला हरमनप्रीत, ७८ लाखांना, तोही सूरमाकडे. त्याच सुमाराला आयपीएलमध्ये ऋषभ पंत २७ कोटींना गेला. काकांना आकडेमोड तोंडी येते, स्टेट बँकेतली पस्तीस वर्षं. भिंतीकडे बघत म्हणाले, “चौतीस हरमनप्रीत येतात. वर अठ्ठेचाळीस लाख उरतात, त्यात विवेक सागरला चाळीस देऊन आठ लाखांच्या स्टिका घ्याव्यात.”

समालोचन करताना एक गोष्ट मला कळली. आपण हॉकी बघतो म्हणतो, पण तोंडानं सांगायची वेळ येईपर्यंत मी ती कधी बघितलीच नव्हती. पेनल्टी कॉर्नरच घ्या. शिट्टी वाजते, घड्याळ ४० सेकंद थांबतं. गोलरेषेमागे गोलकीपर आणि चार जण, ते चौघं घाईघाईनं तोंडावर मास्क, गुडघ्यांवर पॅड चढवतात. एकजण बाजूनं बॉल आत ढकलणार, दुसरा डीच्या, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळाच्या, टोकाशी तो थांबवणार, तिसरा स्टिकनं ओढत भिरकावणार. त्या चौघांतला पहिला माणूस थेट त्या फटक्याच्या तोंडावर धावत जातो. गोल झाला की सगळे मारणाऱ्याला मिठ्या मारतात. झाला नाही की गोलकीपरला. त्या धावलेल्या माणसाचं नावही कुणी घेत नाही. काका मात्र विचारतात, “पहला कौन दौड़ा?” अमित रोहिदास असेल तर मी पाठीवरचं नाव न वाचताही सांगू शकते. बाकी वेळा कधीकधी मनानं ठोकून देते. पण बरेचदा हे सगळं सांगायला मिळतच नाही, कारण ते ४० सेकंद जाहिरातीचे. बनियनची जाहिरात संपते तोवर बॉल जाळ्यात किंवा बाहेर गेलेला असतो.

२६ जानेवारी २०२५ ला मुलींच्या लीगचा अंतिम सामना होता, रांचीला. बायकांची ती पहिलीच लीग. आमच्या गावातल्या कंपू भागातल्या टर्फवर अकादमीच्या पोरी धुक्यात पहाटे पळताना मी रोज बघते, बुटांतून पाणी उडत असतं, तेव्हा हा सामना चुकवायचा नाही हे ठरलेलं होतं. सूरमा विरुद्ध ओडिशा वॉरियर्स. काका अर्थातच सूरमाचे. काकू टीव्हीपाशी. मी सांगत होते, “ओडिशा का हमला... ऋतुजा पिसाळ...”

मालिकेचा आवाज बंद झाला. काकू चष्मा पुसत दारात. “कोण म्हणालीस? पिसाळ? कुठली गं?”

“महाराष्ट्रातली.”

ती हीटर आणि काका यांच्या मधोमध येऊन बसली. चाळीस वर्षं या घरात हॉकी ऐकून जी बाई हलली नाही, ती आडनावाला हलली. तेवढ्यात त्या मुलीनं गोल केला. सूरमानं बरोबरी केली तर काका खूश आणि काकू काकांकडे असं बघतेय की मिसळीत यांनीच मीठ जास्त घातलं. शेवटच्या क्वार्टरमध्ये परत ऋतुजा डीत शिरली आणि मला काय झालं कोण जाणे, हिंदी सुटली. “चेंडू ऋतुजाकडे... वळली... मारला! गोल! ऋतुजानं मारला!”

ओडिशा २, सूरमा १. काकूनं फोन दोन्ही हातांनी उचलला, गजकचा डबा खाली गडगडला. ती पडद्याच्या इतकी जवळ गेली होती की मला काहीच दिसेना.

काका अंधारात हात चाचपत होते. “अगं, काय झालं ते नीट सांग. चेंडू काय, अंगणात खेळतायत का पोरी? हिंदीत सांग.”