ढील

लांबच्या प्रवासाला निघायचे म्हणजे गाडीचा एकूणएक नट आवळून घ्यायचा, अशी माझी कित्येक वर्षांची समजूत होती. पुढच्या महिन्यात नाशिकहून हिमाचलातल्या स्पितीला जायचे ठरले, तेव्हा त्याच समजुतीने मी इथल्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात मोटारसायकल नेली आणि चेन चांगली टाइट करायला सांगितली. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला, मला सीटवर बसवले आणि चेनचा खालचा पदर बोटाने उचलून दाखवला. डबल स्टँडवर ऐसपैस लोंबणारी ती चेन माझ्या वजनानेच बरीच ताणली गेली होती. "अजून सामान लादायचंय साहेब, आणि खड्ड्याखड्ड्याला शॉकअप दबणार," एवढेच ते म्हणाले. पुढचे स्प्रॉकेट म्हणजे चेनचे दातेरी चाक, स्विंगआर्मचा म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा सांधा आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेनला सर्वांत जास्त ताण बसतो. त्या क्षणी तिच्यात ढील उरली नसेल, तर तो ताण थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. माझे बालपण येवल्यात गेले, संक्रांतीला दिवसभर मांजा सोडण्यात गेले, तरी ढील पुन्हा शिकावी लागली.

मग टायरचेही तेच निघाले. डांबरी रस्त्यावर मी मागच्या टायरमध्ये ३२ पौंड हवा ठेवतो. सुट्या खडीवर २७ ठेवली की टायर दगडावरून उडत नाही, दगडाला धरून चालतो. मात्र त्याहून फार खाली गेलो, तर दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटून एकाच वेळी दोन भोके पडतात. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरांचे क्लॅम्पही मिस्त्रींनी जरा कमीच आवळले, म्हणजे गाडी आडवी झाली तर लिव्हर तुटण्याऐवजी फिरते.

आवळण्याजोगे काहीच नव्हते, असे नाही. त्यांनी पान्याने आऱ्यांवर एकेक टिचकी मारली. बाकीच्या खणखणल्या, दोन बद्द वाजल्या, त्या त्यांनी कसल्या. अ‍ॅक्सलच्या आणि कॅरिअरच्या नटांवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली, नटावरून सुरू होऊन शेजारच्या पत्र्यावर संपणारी. नट जरा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. ऑइल, एअर फिल्टर आणि जादा क्लच वायर ही कामे चहा संपेपर्यंत आटोपली. वाटेतली कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरहून उंच आणि आपले नाशिक सहाशेच्या आसपास, त्यामुळे तिथल्या विरळ हवेत माझा जुना कार्ब्युरेटर कुरकुरणार, हे मी मान्य करून टाकले आहे.

रविवारी सामान लादून विल्होळीपलीकडच्या खडीच्या रस्त्यावर तासभर गाडी पिदडली. सामान बांधले होते ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी, दूधवाले किटल्या बांधतात तसे. ते इंचभरही सरकले नाही. घरी येऊन बॅटरीच्या उजेडात रेघा तपासल्या. अ‍ॅक्सलची शाबूत होती. कॅरिअरच्या डाव्या नटावरची तांदळाच्या दाण्याएवढी सरकली होती.