पाण्यातल्या मुंग्या

काकूंना गरम पाण्याच्या टबात उतरताना पायाला मुंग्या येत होत्या आणि घरातले सगळे म्हणत होते, शुगर आहे, नसा कमजोर झाल्यात. एकदा आत बसलं की मुंग्या जायच्या. त्यामुळं गरम पाण्यानं गुण येतोय अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. मला मात्र बोलावलं होतं ते टबातल्या पाण्याच्या जेटचा, म्हणजे फवाऱ्यांचा, जोर कमी झाला म्हणून.

आमचं दुकान बेळगावच्या उद्यमबागेत. मोटर वाइंडिंग आणि पंप हे मुख्य काम. पिरनवाडीच्या पुढं, जांबोटी रस्त्याला लागून या काकांचा बंगला आहे. मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली जुना अमेरिकन बनावटीचा हॉट टब. गोव्यातल्या एका हॉटेलानं मोडीत काढला तेव्हा काकांनी चोर्ला घाटातून टेम्पोवर घालून आणलेला. ॲक्रिलिकची कढई अजून ठणठणीत होती. असा टब भंगारात जाऊ देणं माझ्या जिवावर येतं, म्हणून काम आवडीनं घेतलं.

माझ्याबरोबरचा गोकाककडचा पोरगा फिल्टर काढायला वाकला. चप्पल बाहेर काढलेली, पाय ओल्या फरशीवर. पाण्यात हात घातला आणि झटक्यात मागं घेतला.

"करंट ऐती री, अण्णा!"

काका म्हणाले, "कसला करंट? हीटर बंद हाय की. बोर्डावरचा दिवा बघा, विझलाय."

दिवा खरंच विझलेला होता. मी जमिनीत सळई ठोकली आणि पाणी व सळई यांच्यात मीटर लावला. सत्तरच्या वर व्होल्ट. डिजिटल मीटर कधी कधी फसवं व्होल्टेज दाखवतो, म्हणून समांतर एक छोटा बल्ब जोडला. व्होल्टेज उतरलं, पण शून्यावर आलं नाही. म्हणजे भास नव्हता. मेन स्विच पाडला आणि कटआउट, म्हणजे फ्यूजचा तुकडा, काढून खिशात घातला.

मग काकूंच्या मुंग्यांचा उलगडा झाला. माणूस पूर्ण पाण्यात बसला की पाणी आणि अंग एकाच व्होल्टेजवर असतात, करंटला वाहायला वाट नसते, म्हणून काही जाणवत नाही. एक पाय पाण्यात आणि एक पाय ओल्या फरशीवर असला की अंगच वायर होतं. उतरताना मुंग्या, बसल्यावर आराम, बाहेर पडताना पुन्हा मुंग्या. काकूंना विचारलं, "बाहेर येतानाही होतं का?" त्या म्हणाल्या, "होय की, तवा जरा जास्तच. वाटायचं, गरमातनं गारात आलो म्हणून."

एक मिलिॲम्पिअरच्या आसपास मुंग्या जाणवतात. दहाच्या पुढं स्नायू आखडतात, हात सुटत नाही. जमिनीवर माणूस निदान ओरडतो तरी. पाण्यात आखडला तर बुडतो. हे मी दोघांना समोर बसवून सांगितलं. काका गप्प झाले.

डीबी, म्हणजे स्विचांची पेटी, उघडली तेव्हा खरा प्रकार दिसला. टबच्या लाइनला 30 मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप पडणारा स्विच, होता, पण त्याला वळसा घालून वायरचा तुकडा थेट एमसीबीवर, म्हणजे फक्त जादा लोडला पडणाऱ्या स्विचवर, नेलेला. काका म्हणाले, "ते सारखं पडायचं. आधीचा वायरमन म्हणाला, खराब हाय, काढून टाकूया." मी तो ईएलसीबी टेबलावर तपासला. पूर्ण चांगला होता. तो पडत होता कारण पाण्यात करंट उतरत होता, आणि पडून तो त्या बाईंचा जीव वाचवत होता. आमच्या धंद्यात याहून मोठा गुन्हा मला माहीत नाही.

एकेक जोडणी सोडवून इन्सुलेशन तपासायचा 500 व्होल्टचा मेगर लावला. पंपाचं वाइंडिंग ठीक. हीटरचं टोक आणि बॉडी यांच्यात काटा जवळजवळ शून्यावर. एलिमेंट बाहेर काढलं तर त्यावर बोटभर जाड पांढरा थर. नळाचं पाणी रोज येत नाही म्हणून टब बोअरच्या पाण्यानं भरायचे. क्षार चढला की एलिमेंटची उष्णता पाण्यात जात नाही, नळी आतून तापते, तिला बारीक भोकं पडतात आणि आतल्या, वीज अडवणाऱ्या भुकटीत ओल शिरते. तिथून करंट पाण्यात.

मग बोर्डावरचा दिवा विझलेला असताना करंट कुठून आला? फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी) उलटे जोडलेले होते. पाणी तापलं की हीटर बंद करणारा थर्मोस्टॅट एकच वायर तोडतो. तो न्यूट्रल तोडत होता आणि फेज एलिमेंटला चिकटलेलाच राहत होता. अर्थिंगची पट्टी फरशी बसवताना कापली गेलेली. तीन चुका तिघांनी वेगवेगळ्या वेळी केलेल्या, आणि तिन्ही एकाच पाण्यात येऊन मिळालेल्या.

दुरुस्ती सांगतो. अर्थिंगचा नवा खड्डा घेतला, त्याला पंपाची बॉडी, हीटरची नळी आणि स्टीलचा कठडा, सगळं एकत्र बांधलं. हीटर 3 किलोवॅटचा नवा. थर्मोस्टॅटच्या इशाऱ्यावर दोन्ही वायरी तोडणारा कॉन्टॅक्टर, पाणी फार तापलं तर हीटर तोडणारा वेगळा हाय-लिमिट कटआउट, आणि पाणी वाहत नसेल तर हीटर चालूच होऊ न देणारा फ्लो स्विच. बोर्ड टबापासून लांब, झाकणाच्या डब्यात.

जेटचा जोर कमी होण्याचं कारण वेगळं. मूळ मोटर 60 हर्ट्झच्या अमेरिकन विजेची, मिनिटाला 3450 फेऱ्यांची. आपल्या 50 हर्ट्झवर ती 2850 च्या आसपास फिरते. पाणी कमी आणि मोटर जास्त तापते. ती परत परत वाइंड करून काकांनी पैसे घालवले होते. मी आपल्याकडची 50 हर्ट्झची मोटर बसवली. पाइपातही घोळ होता: टबची लाइन 2 इंची अमेरिकन मापाची, बाहेरून 60.3 मिलिमीटर, आणि कुणीतरी शेतीचा 63 मिलिमीटरचा पाइप तापवून जबरदस्तीनं घातलेला. तिथूनच पाणी झिरपून मागचा फोम भिजला होता. घरगुती प्लंबिंगचा शेड्यूल 40 चा यूपीव्हीसी पाइप नेमका त्याच मापाचा मिळतो.

हिशेबही काकांना कागदावर करून दाखवला. 1200 लिटर पाणी 22 वरून 39 अंशांवर न्यायला सुमारे 24 युनिट लागतात, म्हणजे 3 किलोवॅटच्या हीटरला आठेक तास. उष्णता सर्वात जास्त जाते ती वरच्या बाष्पीभवनानं. म्हणून जाड झाकण करून घ्या म्हटलं, आणि पाणी 40 च्या वर नेऊ नका. काकूंसाठी 38, तेही डॉक्टरांना विचारून, कारण शुगरच्या पायांना चटका लवकर कळत नाही.

चालू करायच्या दिवशी ईएलसीबीचं टेस्ट बटण काकूंनी स्वतः दाबलं. खटकन पडला. "हे दर महिन्याला दाबायचं आणि पडलं नाही तर मला फोन करायचा," एवढं सांगितलं. मग त्यांनी एक पाय फरशीवर ठेवून दुसरा पाण्यात घातला आणि थांबल्या. "काहीच नाही व्हायलंय," म्हणाल्या. मुंग्या शुगरच्या नव्हत्या हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं, आणि इतकी वर्षं या बाई रोज कशातून उतरत होत्या या विचारानं माझ्या पोटात गोळा आला.

निघताना काकांना विचारलं, घरातल्या गिझरच्या लाइनचं काय? ते म्हणाले, "तेबी त्याच वायरमननं केलंय." परत आत गेलो, दुसरी डीबी उघडली. तिथंही तोच वायरचा तुकडा. तो काढला, नवा ईएलसीबी लावला, आणि त्याचं बिल मी घेतलं नाही.