गुहागर, नऊ पोरं आणि होडीची जुनी दोरी

एप्रिलअखेरीस गुहागरला जाऊन आलो, सोबत ज्यांना अजिबात दिसत नाही किंवा अगदी अंधुक दिसतं अशी नऊ पोरं, आम्ही चार मोठे आणि माझी वही, जिच्यात तासातासाचं प्लॅनिंग होतं. वही दहा मिनिटांत बाद, कारण कोरड्या वाळूत पांढरी काठी चालतच नाही हो, टोक रुततं आणि पोरगं जागीच थांबतं. मग घरमालक काकांनी होडीची जुनी दोरी काढली, सुरूच्या झाडाला बांधून पाण्याकडे ताणली, दर दहा पावलांवर गाठ. सकाळी भरतीला पाणी चौथ्या गाठीशी होतं, संध्याकाळी ओहोटीला नवव्या. भरती-ओहोटी मी शाळेत पाठ केली होती, ह्यांनी हाताने मोजली.

ओली वाळू पायाला आपोआप कळते, गार आणि घट्ट. पहिली लाट परत फिरली, टाचेखालची वाळू सरकली आणि सातवीतला एक किंचाळला, "दादा, जमीन पळतेय!" मी लगेच समजवायला लागलो तर शेजारची धाकटी म्हणते, "तुम्ही जरा गप्प बसा ना, लाट ऐकू येत नाहीये." बसलो गप्प.

वाडीतल्या जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर मात्र सगळे अर्धा तास अडकले. त्या दगडाला भोकंच भोकं, त्यात बोट घालून एकजण म्हणाला, "ही स्लेटची मागची बाजू आहे!" ब्रेल लिहिताना स्लेट नावाच्या पट्टीत कागद अडकवून स्टायलसने, म्हणजे टोच्याने, टोचतात ती बाजू, जिथे टिंबं खड्डे असतात आणि कागद उलटला की वर येतात. मला आयुष्यात सुचलं नसतं.

खाडीत तिवराची पानं चाटून बघितली, खरंच खारट, झाड जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. चिखलातून वर आलेली मुळं म्हणजे पेन्सिली रोवल्यासारखी. काजूची बोंडं खायला दिली, पण ओल्या बियांना हात लावू दिला नाही, टरफलातला चीक कातडी भाजतो.

दुसऱ्या दिवशी हेदवीची बामणघळ, समुद्रकाठच्या खडकातली अरुंद भेग. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, त्या हिशोबाने बाराच्या आसपास पोचलो. खडक निसरडे, म्हणून बरंच मागे हात धरून उभे राहिलो. पाणी घळीत शिरलं की आधी आतून धुम्म, मग वर फवारा. चौथ्या वेळेपासून धाकटी आधीच "आता!" ओरडायची आणि सगळे माना खाली घालायचे. मी फोटोच्या नादात तोंड उघडं ठेवून उभा. तिवरापेक्षा खारट होतं.