पाणी आपोआप शिरतं, मग दार कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून. परासरणानं, म्हणजे विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे सरकत, पाणी पेशीत आपोआप जातं, ऊर्जा लागत नाही, मग पेशीपटलात पाण्यासाठी खास प्रथिनं कशाला? घोळ 'आपोआप' या शब्दाचा आहे. त्यातून पाणी कुठल्या दिशेला जाणार एवढं कळतं, किती वेगानं ते कळत नाही.

पटलातल्या मेदाच्या थरातून पाणी झिरपतंच, ते मी नाकारत नाही. पण तांबड्या रक्तपेशीत ते फार झपाट्यानं शिरतं, आणि पाऱ्याचा क्षार घातला की वेग घसरतो. पारा चिकटतो प्रथिनातल्या गंधकाला. म्हणजे प्रथिनाचा संशय होता, प्रथिन सापडत नव्हतं.

ते १९९२ साली पीटर ॲग्री हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. रक्तगटाच्या आरएच प्रथिनाचं काम करताना २८ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) वजनाचं एक अनोळखी प्रथिन त्यांच्या हाती लागलं होतं. परीक्षेसाठी त्यांनी बेडकाच्या अंडपेशी घेतल्या. बेडकाची अंडी गोड्या पाण्यात राहतात, म्हणून त्यांचं पटल पाणी जेमतेम आत घेतं. काही अंडपेशींत या प्रथिनाचा आरएनए, म्हणजे ते बनवण्याची कृती, टोचला, काहींत नुसतं पाणी, आणि प्रथिन तयार व्हायला वेळ दिला. मग सगळ्या विरळ द्रावणात सोडल्या. पाणी टोचलेल्या होत्या तशाच राहिल्या. आरएनए टोचलेल्या टम्म फुगल्या आणि काही मिनिटांत फुटल्या. पारा घातल्यावर फुगणं मंदावलं. द्रावण तेच, परासरणाचा जोर तोच. फरक फक्त दाराचा.

मग पेशी पाणी पंपानं ओढते का? नाही. पंप क्षारांचा असतो: एका एटीपीमागे (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. पाणी क्षारांच्या मागून जातं.

'पाणी पटलातून पाझरतं' एवढं सांगून पूर्वी मीही थांबायचो. ते खोटं नव्हतं, पण तेवढ्यावर मूत्रपिंड समजत नाही. तिथे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, लघवी होते एक-दोन लिटर. शेवटच्या नळीत किती पाणी परत घ्यायचं ते व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक ठरवतं: त्याचा निरोप आला की पेशीच्या आत पुटिकांमध्ये, म्हणजे इवल्या पिशव्यांमध्ये, ठेवलेली दारं पटलात येऊन बसतात. काही जणांत जन्मतःच हे दार बिघडलेलं असतं. व्हॅसोप्रेसिन असतं, नळीबाहेर क्षारही असतात, तरी पाणी परत येत नाही. लिटरच्या लिटर पातळ लघवी होत राहते आणि तहान भागत नाही.