वोरीची रिकामी गादी

शनिवार, रात्री उशिरा

अमेरिकेतल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या गादीवर दावा सांगणाऱ्या जेम्स स्ट्रँगची तरुणपणातली रोजनिशी आज वाचून संपवली. न्यूयॉर्क राज्यातल्या शेतकरी घरातला हा पोरगा एकोणिसाव्या वर्षी लिहितो की सीझर किंवा नेपोलियनची बरोबरी करायची तर मी एव्हाना विधिमंडळात तरी असायला हवं होतं, नाहीतर ब्रिगेडियर तरी व्हायला हवं होतं. इंग्लंडच्या व्हिक्टोरियाशी लग्न जमवण्याचे बेतही त्याच पानांत आहेत. काही मजकूर सांकेतिक लिपीत आहे, तो पुढे नातवाने उलगडला. इतकी धग मनात असलेला माणूस पुढे वकील झाला, पोस्टमास्तर झाला, वर्तमानपत्र चालवलं, आणि तरी आतून अस्वस्थच राहिला असणार.

फेब्रुवारी १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या नॉवू गावी खुद्द पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथने त्याला मॉर्मन पंथाची दीक्षा दिली. २७ जूनला कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ आणि त्याचा भाऊ हायरम यांना गोळ्या घातल्या. म्हणजे स्ट्रँगला पंथात येऊन पुरते पाच महिनेही झाले नव्हते. तरी तो पुढे आला आणि म्हणाला, गादी माझी. पुरावा म्हणून १८ जूनच्या तारखेचं जोसेफचं पत्र दाखवलं आणि जोसेफच्या मृत्यूच्या क्षणी देवदूताने आपला अभिषेक केला असं सांगितलं. ते पत्र आज येल विद्यापीठात आहे. पाकिटावरचा शिक्का नॉवूचा, पण मजकूर सुट्या छापील वळणाच्या अक्षरांत, आणि सही जोसेफच्या सहीशी जुळत नाही. माझ्या मते पत्र बनावट आहे. बहुतेक लोक ब्रिगहॅम यंग आणि पंथाचा कारभार पाहणाऱ्या बारा जणांच्या मंडळामागे गेले, यंगने स्ट्रँगला पंथाबाहेर काढलं.

पण मला सोडवत नाहीत ती त्याच्या मागे गेलेली माणसं. जोसेफचा सख्खा भाऊ विल्यम काही काळ गेला. त्या बारांतलाच जॉन पेज गेला. ज्या सोन्याच्या पत्र्यांवरून मॉर्मन ग्रंथ उतरवला असं जोसेफ सांगे, त्यांचा मूळ साक्षीदार मार्टिन हॅरिसही गेला, १८४६ मध्ये तर स्ट्रँगच्या वतीने प्रचाराला इंग्लंडला पोचला. ही मूर्ख माणसं नव्हती. ज्याच्यासाठी घरदार सोडलं तो प्रेषितच मारला गेला होता, आणि यंगपाशी कारभार होता, पण देवदूत नव्हता. स्ट्रँगपाशी दोन्ही होतं.

सप्टेंबर १८४५ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या वोरी गावाच्या टेकडीवर त्याने चार माणसांना एका ओकखाली खणायला लावलं. त्यांची साक्ष मी दोनदा वाचली. माती कुठेही हललेली दिसली नाही, झाडाची मुळं तोडत खाली जावं लागलं, मग एक सपाट दगड, त्याखाली भाजलेल्या मातीच्या वेष्टनात पितळेचे तीन छोटे पत्रे. राजा मांचू नावाच्या कुणा प्राचीन पुरुषाची ही नोंद आहे, असं स्ट्रँगने भाषांतर करून सांगितलं. या चौघांनी सही केली ती मनापासून केली असं मला वाटतं, आणि तिथेच माझा स्ट्रँगवर राग आहे. विश्वास त्यांचा होता, तो वापरला मात्र त्याने.

मग सगळं मिशिगन सरोवरातल्या बीव्हर बेटावर हललं. ८ जुलै १८५० ला जॉर्ज अ‍ॅडम्स या नटाने त्याच्या डोक्यावर धातूचा मुकुट ठेवला, अंगावर लाल झगा. अमेरिकेच्या भूमीवर राजा! त्याच्या बाजूनेही लिहायला हवं. त्याने काळ्या पुरुषांना धर्माधिकार दिले, स्त्रियांनाही काही पदं दिली. मिशिगनच्या विधिमंडळावर तो दोनदा निवडून आला. बेटाच्या निसर्गावरचा त्याचा लेख स्मिथसोनियन या संशोधन संस्थेने छापला. हे सगळं खरं आहे.

आणि एल्व्हिरा फील्डही खरी आहे. तो एकाहून अधिक बायका करण्याच्या विरोधात बोलत आला होता, म्हणून तर कितीजण त्याच्याकडे आले होते. १८४९ मध्ये त्याने या एकोणीस वर्षांच्या शिक्षिकेशी गुपचूप लग्न केलं. तिचे केस कापले, तिला पुरुषी काळा सूट चढवला आणि ‘चार्ल्स डग्लस’ या नावाने, आपला पुतण्या आणि चिटणीस म्हणून, पूर्वेकडच्या शहरांत सोबत फिरवलं. पहिल्या मुलाचं नाव तिने चार्ल्सच ठेवलं. मी हे जेवताना आईला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, “आणि पहिली?” पहिली मेरी पर्स. ती १८५१ मध्ये बेट सोडून निघून गेली. पुढे आणखी तीन झाल्या. तो मेला तेव्हा चौघी गरोदर होत्या.

१६ जून १८५६ ला ‘मिशिगन’ या लढाऊ जहाजाकडे जाताना धक्क्यावर दोघांनी त्याला मागून गोळ्या घातल्या. त्यातल्या थॉमस बेडफर्डने बेटावर फटके खाल्ले होते. मारेकरी त्याच जहाजावर चढून मॅकिनॅकला गेले आणि नाममात्र दंड भरून सुटले. स्ट्रँग वोरीला आई-वडिलांच्या घरी ९ जुलैला वारला. त्याआधीच जमावाने बेटावरच्या सुमारे २६०० माणसांना बोटींत कोंबून हाकललं. राजाच्या पापाचा हिशेब घरं बांधणाऱ्यांकडून चुकता करून घेतला. याबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही.

मरताना वारस कोण, हे त्याने सांगितलं नाही. लोकांनी विचारूनही नाही. त्याच्याच शिकवणीप्रमाणे आधीच्या प्रेषिताने नेमल्याशिवाय आणि देवदूताने अभिषेक केल्याशिवाय नवा प्रेषित होत नाही. जेसन ब्रिग्ज आणि झेनास गर्ली हे बहुपत्नीत्वाला कंटाळून आधीच निघाले होते. त्यांनी जुळवलेल्या पंथाचा अध्यक्ष १८६० मध्ये जोसेफचा मुलगा झाला. मागे राहिलेल्यांत आयर्लंडहून आलेला विंगफील्ड वॉटसन होता. त्याने मूठभर लोक धरून ठेवले, पत्रकं छापली, पण स्वतः प्रेषित असल्याचा दावा केला नाही. तो १९२२ मध्ये गेला. वोरीजवळच्या बर्लिंग्टनच्या आसपास त्याच्या पंथातली थोडी माणसं अजून आहेत, गादीवर कुणी नाही.

वॉटसनचा मला आदर वाटतो. स्ट्रँगपेक्षा कितीतरी जास्त. त्याची पत्रकं कुठे वाचायला मिळतात का, ते उद्या बघायचं आहे.